थराखालचा थर

अहिल्यानगर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पडतात त्या गारा, आणि त्याही नेमक्या डाळिंब-द्राक्षं हाताशी आलेली असताना. तरीही हिमस्खलनाची गोष्ट या जिल्ह्यातून सुरू करायला एक चांगलं कारण आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी पहाटे अकोले तालुक्यातल्या बारी गावात जावं. पुण्या-मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. पाठीवर मुद्दाम जड भरलेल्या सॅक घेऊन पोरं-पोरी कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढच्या महिन्यातलं हिमालयातल्या केदारकांठा किंवा ब्रह्मतालचं बुकिंग झालेलं असतं. १६४६ मीटरचं हे शिखर म्हणजे मराठी ट्रेकरची तालीम. इथे पायांची तयारी होते, दमाची होते. उताराकडे बघायची तयारी मात्र होत नाही, कारण ती करायची असते हेच कोणी सांगितलेलं नसतं.

आणि ती तयारी करायला कळसूबाईच्या परिसरासारखी जागा शोधून सापडणार नाही. फक्त महिना डिसेंबर नव्हे, जुलै हवा.

आधी बर्फाकडे जाऊ. मैदानातल्या माणसाला बर्फ म्हणजे एकसंध पांढरा ढीग वाटतो. हिवाळी उतारावरचा बर्फ तसा नसतो. नोव्हेंबरात पडलेला एक थर, मग पंधरा दिवसांची कोरडी थंडी, मग डिसेंबरच्या वादळाचा दुसरा थर, त्यावर वाऱ्याने शेजारच्या धारेवरून आणून टाकलेला तिसरा, एखाद्या उबदार दुपारी वरचा पापुद्रा वितळून पुन्हा गोठला तर तो चौथा. हिवाळाभराचं हवामान त्या भिंतीत एकावर एक रचलेलं असतं. जाणकार लोक उतारावर फावड्याने खड्डा खणतात, उभी बाजू साफ करतात आणि बोटाने दाबत वरून खाली जातात. कुठे मूठ सहज आत शिरते, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिलचं टोक आणि कुठे चाकू लागतो. घट्ट थराखाली अचानक मऊ थर लागला की चेहरे गंभीर होतात.

तो मऊ थर कसा तयार होतो, हे समजलं तर हिमस्खलनाचं अर्धं कोडं सुटतं. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा उणे पंधरा, उणे वीस. बर्फ पातळ असेल तर थोड्याच अंतरात तापमानाचा हा मोठा फरक पडतो. मग खालच्या, तुलनेने उबदार कणांमधून वाफ निघून वर सरकते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. काही दिवसांत जुने, एकमेकांत गुंतलेले कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी टोकदार, पैलूदार, सुटे स्फटिक उरतात. हे स्फटिक एकमेकांना धरत नाहीत. त्यावर पुढच्या वादळाचा जाड, घट्ट थर बसला की तिरक्या जमिनीवर पसरलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते. फरशी बसलेली दिसते. ती कशावर बसली आहे, ते दिसत नाही.

आता या फरशीवर एक माणूस चालत येतो. त्याच्या वजनाने खालचा कमजोर थर एका जागी मोडतो. कधी ‘वुम्फ’ असा दबका आवाज येतो, पायाखालची जमीन इंचभर खचल्यासारखी वाटते. ते मोडणं एका जागी थांबत नाही. क्षणार्धात आडवं पसरत जातं. वरची अख्खी पाटी चारही कडांनी फाटून सुटते. या प्रकाराला स्लॅब हिमस्खलन म्हणतात आणि डोंगरात फिरणाऱ्यांचे सर्वाधिक बळी यानेच घेतले आहेत. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी असं सांगतात की अशा दहापैकी सुमारे नऊ अपघातांत स्खलन सुरू करणारा हा सापडलेल्या गटातलाच कोणीतरी असतो. आभाळातून कोसळणारी आपत्ती ही आपली कल्पना इथे फारशी खरी नाही. मेलेला माणूस बहुतेकदा स्वतःच त्या उतारावर चालत गेलेला असतो.

उताराचा कोनही ठरलेला. तीस ते पंचेचाळीस अंश हा धोक्याचा पट्टा, आणि त्यातही अडतीसच्या आसपास सर्वाधिक. त्याहून बराच सपाट असेल तर फरशी घसरत नाही. पन्नासच्या वर असेल तर बर्फ साठण्याआधीच थोडाथोडा झडत राहतो. गंमत अशी की माणसाला चढायला-उतरायला जो उतार ‘भारी’ वाटतो, तो नेमका याच पट्ट्यातला असतो. सपाट जागेवर उभं राहूनही सुटका नाही. खालच्या पठारावर पाय पडला आणि वरचा उतार सुटला, असंही घडतं, कारण कमजोर थर दोन्हीकडे एकच असतो.

भारतात या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास सैन्याच्या गरजेतून सुरू झाला. हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था, म्हणजे ‘सासे’, १९६९ साली मनालीत सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन संघटनेच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिसळून तिची नवी संस्था झाली; चंडीगढहून तीच आता जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी हिवाळ्यात इशारे देते. तिथल्या अभ्यासकांनी हिमालयाचे पट्टे पाडले आहेत. पीर पंजालसारख्या खालच्या पट्ट्यात बर्फ भरपूर आणि तुलनेने ओला. तिथे वादळ आलं की लगेच स्खलनं होतात आणि मग उतार लवकर स्थिरावतो. काराकोरमच्या बाजूला बर्फ कमी, थंडी भयानक. तिथे ते सुटे स्फटिक आठवडेच्या आठवडे खाली टिकून राहतात. म्हणजे बर्फ कमी आहे म्हणून धोका कमी, हा हिशेब चुकतो. पातळ बर्फच खालून पोकळ होतो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत प्रशिक्षण वर्ग द्रौपदी का डांडा या शिखराच्या चढाईवर होता. सकाळी पाटी सुटली आणि दोराला बांधलेली माणसं खालच्या हिमभेगेत फेकली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, दोघांचा ठावठिकाणा लागला नाही. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं केली होती. अनुभवाने धोका ओळखायला मदत होते, पण थराला समोरच्याचा अनुभव किती आहे हे ठाऊक नसतं. शिवाय हा महिना ऑक्टोबर होता. पावसाळा नुकताच सरलेला, ज्याला मराठी ट्रेकर ‘हिमालयाचा बेस्ट सीझन’ म्हणतो तो.

सियाचीनचं उदाहरण वेगळं. ३ फेब्रुवारी २०१६ ला १९,६०० फुटांवरच्या सोनम ठाण्यावर बर्फाचा एक प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे सुनील सूर्यवंशी होते. धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी खोल बर्फाखाली जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेले. माण हा महाराष्ट्राचा ठणठणीत दुष्काळी तालुका. तिथला मुलगा बर्फाखाली जातो, यात विरोधाभास शोधायचा मोह होतो. पण सैन्यात भरती होणाऱ्या कोरडवाहू गावांच्या दृष्टीने ही नवलाची गोष्ट नाही. नगर जिल्ह्याच्या गावोगावच्या घरांनाही सियाचीन हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागलेला नाही.

हणमंतप्पा इतके दिवस कसे जगले, याचं उत्तर हवेच्या पोकळीत आहे. १९९४ साली स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून एक आलेख प्रसिद्ध झाला. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाचले होते. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आलं. नंतरच्या अभ्यासांनी ती पहिली खिडकी आणखी अरुंद असल्याचं दाखवलं. थंडीने मरण्याआधी माणूस गुदमरून मरतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा गावाशी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर बर्फ आला तेव्हा चौपन्न कामगार सापडले आणि त्यांतले शेहेचाळीस वाचले. बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि कंटेनरमध्ये हवा होती. बाहेरून मदत यायला नेहमीच तासांचा वेळ लागतो, म्हणून बर्फाच्या डोंगरात जाणारे गट संदेशक (गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), काठी आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर ठेवतात. एकाला काढायचं असतं ते बरोबरच्यांनी, तेवढ्याच मिनिटांत. आपल्याकडच्या व्यावसायिक हिवाळी ट्रेकची जाहिरात वाचताना कोणी ‘जेवण शाकाहारी आहे का’ हे विचारतं, संदेशक किती आहेत हे विचारत नाही.

आता परत अकोले तालुक्यात, घाटघरला.

नगर जिल्हा म्हटलं की टँकर, चारा छावण्या आणि पाथर्डी-जामखेडची कोरडी माळरानं आठवतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधानी असतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, रतनवाडी, साम्रद, पांजरे या पट्ट्यात सह्याद्रीची धार ढग अडवते आणि चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पाणी ओतते. घाटघरला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगवते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण याच पाण्यावर भरतं आणि खालचा ऊस त्यावर उभा राहतो. एवढं पाणी ज्या उतारावर पडतं तो उतार कशाचा आहे, याकडे मात्र पर्यटकाचं लक्ष धबधब्यामुळे जात नाही.

तो उतारही थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार बनलं. भूवैज्ञानिकांनी या लाव्हाच्या सगळ्यात खालच्या गटाला नावच ‘कळसूबाई उपगट’ दिलं आहे. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर हे त्याचे भाग. एका लोटाचा मधला भाग काळाकभिन्न, कठीण कातळ; तोच किल्ल्यांचे उभे कडे बनवतो. त्याच लोटाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला. तो लवकर झिजतो आणि त्याच्या माच्या होतात. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर जुन्या पृष्ठभागाची माती झालेली असते आणि पुढच्या लोटाने ती भाजून काढलेली असते. घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडीत विटकरी रंगाची ही आडवी पट्टी सहज दिसते. फूट-दोन फूट जाडीची, चिकणमातीने भरलेली. कोरडी असताना घट्ट, भिजली की साबणासारखी होते.

कठीण कातळ, खाली झिजका थर, मध्ये निसरडी पट्टी. बर्फाच्या खड्ड्यात बोटाने दाबत उतरणाऱ्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल.

पण इथे पाटी सोडतं ते वजन नव्हे, पाणी. पाऊस कातळाच्या भेगांतून आणि मुरुमातून झिरपत खाली जातो, न झिरपणाऱ्या थरावर थांबतो आणि तिथे साठू लागतो. ऑस्ट्रियन अभियंता कार्ल तेर्झागी याने १९२०च्या दशकात मातीच्या यंत्रशास्त्राचा जो पाया घातला, त्याचा गाभा असा: मातीचे कण एकमेकांवर जितक्या जोराने दाबलेले, तितकं त्यांचं घर्षण. कणांमधल्या पोकळीत पाण्याचा दाब वाढला की तो कणांना आतून उचलून धरतो. घर्षण कमी होतं. उतार तोच, माती तीच, झाडंही तीच. फक्त आतलं पाणी वाढलेलं असतं आणि एका क्षणी सगळं सुटतं.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण असंच गेलं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव हरिश्चंद्रगडापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या त्याच पूर्व उतारावर. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तेव्हा गावाच्या जागी चिखल होता; बाहेरच्या जगाला पहिली खबर त्याच्याकडून गेली. एकशे एक्कावन्न माणसं मेली. काही तासांनी तीन महिन्यांचं एक बाळ आईसह जिवंत निघालं. आईने त्याला अंगाखाली धरलं होतं आणि तेवढी पोकळी पुरली. गावाच्या वरच्या डोंगरावर पडकईची, म्हणजे उतार फोडून भातखाचरं काढायची कामं झाली होती, त्यासाठी जेसीबी लागले होते, याची तेव्हा मोठी चर्चा झाली. भूवैज्ञानिकांनीही जोरदार पावसाबरोबर उतारात केलेल्या बदलांकडे बोट दाखवलं. पडकई काही शतकानुशतकं वाईट नव्हती. हाताने, दगडी बांध घालत, पाण्याला वाट ठेवत केलेली पडकई आणि यंत्राने उताराचा पायथा कापणं या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष मात्र सरसकट आदिवासी शेतकऱ्याच्या माथी मारला गेला, तो पटण्यासारखा नाही.

माळीणनंतर तळिये झालं, २२ जुलै २०२१ ला. मग इरसाळवाडी, १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही रायगड जिल्ह्यातली, दोन्ही जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली. २००५ च्या जुलैतही महाडजवळ जुई, दासगाव ही गावं अशीच गाडली गेली होती. तारखा जवळजवळ लागून येतात, कारण जूनचा पाऊस डोंगर भिजवतो, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आतल्या पोकळ्या भरतात आणि महिना संपता संपता येणारी मोठी झड त्यावर शेवटचा भार टाकते.

इथे आकडे थोडे उपयोगी पडतात. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने १९८० मध्ये जगभरातल्या ७३ दरडींच्या नोंदी एकत्र करून एक रेषा काढली: किती तास, किती जोराचा पाऊस झाला की उथळ दरडी सुरू होतात. तासाभराच्या सरीत साधारण पंधरा मिलिमीटर, दिवसभराच्या झडीत शंभर. हा हिशेब घाटघरला जसाच्या तसा लावला तर जुलैत वारंवार डोंगर कोसळायला हवा, कारण दिवसाला शंभर मिलिमीटर ही तिथे बातमीही नसते. इथले उतार तेवढ्या पावसात हजारो वर्षं घडलेले आहेत. जे सुटायचं ते बरंचसं सुटून गेलं आहे. म्हणून सह्याद्रीत एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांची बेरीज जास्त बोलते. हिमालयातल्या वाटाड्याचं काम यापेक्षा वेगळं नाही: काल रात्री किती पडलं हे सगळेच विचारतात, त्याखाली तीन आठवड्यांपूर्वी काय पडून राहिलं आहे हे तो विचारतो.

आणखी एक गोष्ट सह्याद्रीत फिरताना फार उशिरा लक्षात येते. उभ्या कड्याखाली, डोंगराच्या कमरेला जी छान, मऊ, पाणी धरणारी जमीन असते आणि जिथे वाड्या वसतात, भात होतं, झरे बारमाही राहतात, ती जमीन बहुतेकदा जुन्या दरडीचाच राडारोडा असते. कड्यावरून पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेले धोंडे आणि माती. गावं तिथे वसली ती मूर्खपणाने नव्हे. पाणी आणि पिकाऊ माती त्याच जागी होती. त्यामुळे धोक्याच्या गावाला ‘खाली हला’ म्हणणं सोपं आणि हलणाऱ्याने खायचं काय, याचं उत्तर देणं अवघड.

ट्रेकरचा प्रश्न त्यामानाने सोपा, कारण तो पाहुणा. त्याला घातक ठरतात त्या नाळा. कड्यातून उतरणारी अरुंद, तीव्र घळ म्हणजे नाळ. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध, कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या बाजूला चढणारी. उन्हाळ्या-हिवाळ्यात तिथे सुटे धोंडे आणि घसारा. वरच्याच्या पायाखालून निघालेला दगड खालच्यापर्यंत वेग घेत जातो. पावसात हीच नाळ वरच्या सगळ्या उताराचं पाणी, माती आणि दगड एका जागी गोळा करते. हिमालयातही बर्फ अशाच घळींमधून खाली येतो आणि घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरतो. त्या पसरलेल्या भागात झाडं लहान, वाकलेली, एकाच वयाची असतात. मोठं झाड नाही याचा अर्थ तिथे मोठं झाड होऊ दिलं जात नाही. तंबू लावायला जागा मात्र तीच सपाट आणि मोहक दिसते.

साम्रदची सांधण दरी हे याचंच टोकाचं रूप. दोनशेहून अधिक फूट खोल, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद भेग. हिवाळ्यात तिथे दोर लावून उतरायला रांग असते. पावसाळ्यात आत जायचं नसतं, हे साम्रदचं लहान मूलही सांगेल. आत उभं राहिलेल्याला आभाळाची एक चिंधी दिसते; मागच्या पठारावर सर आली आहे हे त्याला कळेपर्यंत पाणी भेगेत शिरलेलं असतं. शिवाय दोन्ही बाजूंचे कडे फुटके. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या दिवसांत, ‘अजून पावसाळा कुठे लागलाय’ म्हणत उतरणारे गट हा सगळ्यात काळजीचा प्रकार.

कोकणकड्याच्या काठावरही थोडं थांबायला हवं. आत वळलेला हा कडा पाहायला लोक पालथे झोपून डोकं बाहेर काढतात. पालथं झोपणं योग्यच. पण काठाखालचा खडक आत कोरलेला आहे, म्हणजे माणूस ज्यावर झोपतो ते छप्पर आहे. बर्फाच्या धारेवरही वारा असाच बाहेर लोंबणारा छज्जा तयार करतो आणि तो मोडतो तेव्हा कल्पनेपेक्षा बराच मागून मोडतो. बेसॉल्टचा छज्जा त्या मानाने फार टिकाऊ, तरी उभ्या सांध्यांनी भेगाळलेला. पावसाळ्यात धुक्यात काठ दिसत नाही तेव्हा तर तिथे जाण्यात काही मिळतही नाही.

खडक आणि बर्फ हे दोन वेगळे विषय आहेत, असं मानण्याची सोय ७ फेब्रुवारी २०२१ ने काढून टाकली. उत्तराखंडमध्ये चमोली जिल्ह्यात रौंठी शिखराच्या उताराचा एक अख्खा भाग, वरच्या हिमनदीच्या तुकड्यासकट, सुटला. सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर माल. त्यात बहुतांश खडक, उरलेला बर्फ. खाली पडताना घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला, दगडांना पाणी मिळालं आणि ऋषिगंगा-धौलीगंगेत चिखलाचा लोंढा धावला. तपोवनच्या बोगद्यातल्या कामगारांसह दोनशेहून अधिक माणसं गेली. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, रविवारची स्वच्छ सकाळ होती.

मग बारीहून निघणाऱ्याने बघायचं काय? उतारावर, रस्त्यावर, घराच्या जोत्यात नव्याने पडलेल्या भेगा. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ होणं, किंवा जिथे कधी पाणी नव्हतं तिथून उमाळा फुटणं. भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं; हे सगळ्यांत फसवं, कारण माणसाला सुटल्यासारखं वाटतं, आणि वर कुठेतरी दरडीने ओढा अडवलेला असतो. तिरकी होऊ लागलेली झाडं, ओळीतून सरकलेला कुंपणाचा खांब. बर्फात याच्या जोडीला वुम्फचा आवाज, पायापासून पुढे धावणारी भेग, समोरच्या तशाच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन. यातलं काहीही शिकायला महागडं उपकरण लागत नाही.

लागतं ते मागे फिरण्याचं धाडस, आणि ते फार कमी गटांत असतं. हिमस्खलन अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार एकच गोष्ट आढळली आहे: धोक्याची चिन्हं बहुतेक वेळा समोर होती, गटातल्या एखाद्याला ती दिसलीही होती. पण रजा शिल्लक नव्हती, पैसे भरलेले होते, पुढे दुसरा गट चढताना दिसत होता, मागच्या वर्षी याच वाटेने काही झालं नव्हतं. पावसाळी रविवारी कळसूबाईच्या शिड्यांखाली तासभर खोळंबलेल्या गर्दीत ही चारही कारणं ऐकू येतात. शंभर माणसं एका वाटेवर दिसली की वाट सुरक्षित आहे असं वाटणं, हा डोंगरातला सर्वांत महागडा गैरसमज असावा. गर्दीने उतार घट्ट होत नाही.

पाचनई (हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव), बारी, रतनवाडी, साम्रदच्या पोरांनी गेल्या वीसेक वर्षांत वाटाड्याचं आणि घरगुती जेवणा-राहण्याचं काम उभं केलं आहे. त्यांच्यापैकी कोणी ‘आज नाळेने नको, पाचनईच्या वाटेने चला’ म्हटलं तर शहरातला गट पुष्कळदा घासाघीस करतो, जणू तो दर वाढवण्याचा डाव आहे. वास्तविक त्या पोराने गेल्या पंधरा दिवसांचा पाऊस अंगावर घेतलेला असतो. कोणता ओढा कधी उतरला, कुठल्या वळणावर काल माती आली, हे त्याला ठाऊक असतं. हिमालयात यासाठी खड्डा खणावा लागतो.

यंत्रणा हळूहळू जाग्या होत आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे केले आहेत. २०२४ च्या जुलैत कोलकात्यात राष्ट्रीय दरड अंदाज केंद्र सुरू झालं. त्याआधी काही वर्षं दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांत पावसाळ्यात रोजच्या अंदाजाचे प्रयोग चालले होते. असा अंदाज तालुक्याच्या पातळीवर बोलतो. अमुक वाडीच्या मागचा अमुक उतार तो सांगू शकत नाही, जसा चंडीगढचा इशारा एखाद्या खिंडीतल्या एका विशिष्ट उताराबद्दल बोलत नाही. शेवटचे दोनशे मीटर जागेवरच्या माणसाला वाचावे लागतात. त्यासाठी घाटघर परिसरात नीट चालणारं पर्जन्यमापक यंत्र, त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आणि मागच्या दहा दिवसांची बेरीज त्याच्याच खाली, एवढं झालं तरी बारीच्या वाहनतळावर उतरलेल्या पाहुण्याला आणि उताराखाली झोपणाऱ्या घराला एकाच वेळी वाचण्यासारखं काहीतरी मिळेल.